सतरा नंबरचा बाप

"बाप दुसराच निघाला!" संगणकासमोरचा तंत्रज्ञ ओरडला आणि अख्खी प्रयोगशाळा खो-खो हसली.

मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. रोपांचा ट्रे घेऊन दारातच थिजल्या.

गोष्ट सतरा नंबरच्या अक्रोडाची होती. संशोधन केंद्राचं लाडकं झाड. चिमटीत फुटेल इतकं पातळ कवच. त्याची जनुकं वाचून झाली, की पुढे वीतभर रोपाचं पान तपासूनच फळ कसं धरेल ते सांगता येणार होतं. आठ-दहा वर्षं ताटकळायला नको. पण दोनदा तपासूनही संकराच्या वहीत लिहिलेल्या बापाशी, म्हणजे पराग देणाऱ्या झाडाशी, जनुकं जुळेनात.

"पानं कुणी आणली?" साहेबांनी विचारलं.

"मीच, सर. दोन्ही वेळा." नवी मुलगी पुटपुटली.

"म्हणजे दोनदा घोळ. उद्यापासून येऊ नका. वही चुकणं शक्य नाही, तो संकर मावशींच्या हातचा आहे."

कौतुकानेही माणूस कोंडला जातो. तेरा वर्षं हंगामी राबून मावशींचं नाव याच महिन्यात कायम होणाऱ्यांच्या यादीत लागलं होतं, तेही 'बिनचूक काम' या शेऱ्यावर. बोललं तर यादी गेली, गप्प राहिलं तर पोरगी. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"साहेब, तिला नका बोलू. बाप वाऱ्याने आणलाय."

"काय?"

"बारा वर्षांपूर्वी मादी फुलांवर पिशवी चढवली, पण तोंड बांधायचं राहिलं. पळत शेडमध्ये गेले. परत येते तो वारा सुटलेला. मग बांधली, ठरलेला पराग सोडला, नोंद केली. म्हटलं, एवढ्याशा वेळात काय होतंय!"

आता कुणीच हसलं नाही. साहेबांनी वही पुढे सरकवली. "स्वतःच्या हाताने दुरुस्त करा. कारण लिहा, 'माझ्या हलगर्जीपणामुळे'. यादीचं मग बघू."

यादीचं काय होणार, ते सगळ्यांना कळलं.

मावशींनी बापाच्या नावावर आडवी रेघ मारली, शेजारी 'अज्ञात' लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी पेन अडलं.

"'हलगर्जी'तल्या ग ला पहिली वेलांटी नाही, मावशी. नुसता ग," मुलगी हळूच म्हणाली. डोळे भरलेले.

पण मावशींनी तो शब्द लिहिलाच नाही. सावकाश, अक्षर अक्षर जुळवत त्यांनी लिहिलं : 'शेडमध्ये लेक भुकेने रडत होती.' खाली पूर्ण सही केली, आणि शाई वाळेपर्यंत पानावर तळहात आडवा धरून उभ्या राहिल्या.