कावाताची लाल बी

समजा, तुमच्या तोंडात एक आंबटगोड गोळी आहे. लालभडक, जीभ रंगवणारी. चघळता चघळता साखर संपते आणि आत उरते एक टणक बी. ती थुंकू नका. तशीच जिभेवर ठेवा आणि दूर आफ्रिकेतल्या कितुई गावाजवळच्या एका शाळेत चला.

शाळेसमोरची गोरखचिंच मागच्या पावसात बसल्या जागी कोसळली होती. तिच्या पोकळ खोडात अख्खा वर्ग मावायचा. म्हाताऱ्या मुसेम्बी गुरुजींनी तिची शेवटची फळं फोडली आणि मुलांना एकेक बी दिली.

"कढत पाण्यात भिजवा, मग पेरा. ज्याचं रोप पहिलं येईल त्याने ते जुन्या झाडाच्या जागी लावायचं."

कावाता त्या दिवशी तापाने घरी होती. ती शाळेत आली तेव्हा बिया संपल्या होत्या. खिडकीखाली बाकीच्यांच्या बिया पेरलेल्या दुधाच्या पिशव्या, कापलेले तेलाचे डबे, एक फाटका बूटसुद्धा मांडलेला होता. जुन्या झाडाच्या खोडात बसून ती रोज दुपारी जेवायची. तिला रडू फुटलं. डोळे पुसायला रुमाल काढला, तर खिशात मबुयूची पुडी. मबुयू म्हणजे तरी काय, गोरखचिंचेच्याच बिया, साखरेच्या पाकात शिजवलेल्या. तिने एक गोळी स्वच्छ चघळली आणि टोमॅटोच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात ती बी पुरली.

"गुरुजी, हिने खाऊ पेरला!" किलोंझो ओरडला. "आता गोळ्यांचं झाड येणार!"

"येऊ दे. तुला एकही मिळणार नाही," कावाता म्हणाली.

पण ती मनातून घाबरली होती. शिजलेली बी कधी उगवते का?

दिवस गेले. सगळे डबे गप्प. मग एका सकाळी टोमॅटोच्या डब्यातली माती तडकली. वाकलेली हिरवी मान वर आली होती, डोक्यावर कवचाची टोपी. टोपी अजून लालसर!

गुरुजी गुडघ्यांवर बसले.

"पोरांनो, तुमचं पाणी कढत होतं ना?"

किलोंझो पायाने माती उकरू लागला. "बीला भाजेल म्हणून आम्ही कोमटच घेतलं, गुरुजी."

"अरे, हिचं कवच दगडासारखं. हत्तीच्या पोटातून आली तरी हिची झोप मोडायची पंचाईत! हिला उगवायला चटका लागतो. तो पाकाने दिला."

तेवढ्यात टोपी गळली आणि दोन पानं उलगडली. नखाएवढी.

"आणि खोड?" कावाताने हळूच विचारलं. "अख्खा वर्ग मावायचा ते?"

"ह्यातच आहे," गुरुजी म्हणाले.

सगळे श्वास रोखून त्या दोन पानांकडे बघत राहिले. मग कावाताने खिशातून पुडी काढली आणि पहिली लाल गोळी किलोंझोच्या हातावर ठेवली.

"चघळ. बी चावलीस तर बघ!"