मागे कोमाको, पुढे कुदळ

मित्रांनो, मी वयाने जुनी आहे हे माझ्याकडे पाहून कुणालाही कळेल. मी एक सायकल आहे, डोंगरात चालवायची. टायर जाड, हँडल रुंद, आणि अंगावर इतके ओरखडे की माझा मूळ रंग निळा होता हे आता मलाच सांगावे लागते. तुमच्यापैकी कुणाला तरी येत्या वाढदिवसाला सायकल हवी असेल. घरात त्यावरून बोलणी चालली असतील, थोडी रुसारुशीही झाली असेल. म्हणून माझी गोष्ट ऐका. ती फार लांबलचक नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाच्या नळ्या एकमेकींना जोडून माझा सांगाडा केला, त्यावर रंग चढवला, आणि पुढच्या चाकाला दगडधोंड्यांचे हिसके सोसणारा शॉकअप बसवला. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी पडून मी समुद्र ओलांडला आणि न्यूझीलंडला, रोटोरुआच्या तळ्याकाठी आले. इथे हवेला गंधकाचा वास येतो. आठवडाभरात त्याची सवय होते. इथे पाइनच्या जंगलात सायकलींसाठी पायवाटा आहेत, आणि रविवारी अर्धे गाव त्या वाटांवर असते.

माझा पहिला मालक ग्रॅहॅम. उंच, लाल गालांचा, बोलघेवडा माणूस. त्याने माझे फार लाड केले. जंगलातून आलो की तो आधी मला धुवायचा, मग स्वतः आंघोळ करायचा. पाहुण्यांना तो आधी मला दाखवायचा, मग मुलांना. मीही त्याला कधी दगा दिला नाही. चिखल असो, मुळांची जाळी असो, आम्ही दोघे पडत-झडत, हसत घरी यायचो.

जंगलापर्यंत तो मला मोटारीच्या टपावर उभी बांधून न्यायचा. असाच एक रविवार. ग्रॅहॅमला कडकडून भूक लागली होती. घरी तळलेले मासे आणि बटाटे गार होत होते. त्याने मोटार वळवली आणि सरळ घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये घातली. मी टपावर आहे हे त्याच्या ध्यानातच नव्हते. मोठा आवाज झाला. पत्रा वाकला, मीही वाकले.

त्याची बायको धावत बाहेर आली. "ग्रॅहॅम! सायकल कुठंय?"

"टपावर."

"कुठल्या टपावर? मोटारीच्या, का शेडच्या?"

हसू नका. आमच्या गावात अशी माणसे गल्लीगल्लीत आहेत. ज्याच्या शेडच्या पत्र्याला मधोमध पोचा, तो सायकलवाला, असे खुशाल समजावे.

माझा सांगाडा शाबूत राहिला, पण पुढचा शॉकअप कायमचा गेला. ग्रॅहॅमने त्याच्या जागी एक साधा लोखंडी फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, बसवला. कुठल्याशा म्हाताऱ्या सायकलचा होता तो. न दबणारा, न उसळणारा. त्यावर तो एकदाच बसला आणि म्हणाला, "छे! दात खिळखिळे झाले." पुढच्याच महिन्यात घरी नवी सायकल आली, आणि मी गवत कापायच्या यंत्रामागे भिंतीला टेकले.

तिथे किती काळ गेला ते मला सांगता येणार नाही. कोळ्यांनी माझ्या चाकांत जाळी विणली. चेन लाल झाली. कुणी मला शिव्या दिल्या असत्या तरी चालले असते, पण शेडमध्ये येणारे सगळे यंत्र घ्यायला यायचे. शेवटी घरची आवराआवर निघाली आणि मी गावाच्या कचरा-डेपोवर पोचले.

डेपोच्या फाटकाशी एक दुकान आहे. लोकांनी टाकलेल्यातले जे अजून चालण्याजोगे असते ते तिथे पुसूनपासून मांडतात. ते दुकान बेव नावाची बाई चालवते. केस पांढरे, पायात रबरी बूट, तोंडात सतत पेपरमिंटची गोळी. तिने माझी जाळी काढली, चेनला तेल दिले आणि मला दारात उभे केले. माझ्या शेजारी एक लालचुटुक सायकल होती. तिला पुढे शॉकअप, मागेही शॉकअप. गिऱ्हाईक यायचे, तिची सीट दाबून बघायचे, ती खालीवर व्हायची आणि ते खूश व्हायचे. मग माझे हँडल दाबायचे. मी जागची हलायची नाही. "हिला काहीच नाहीये," म्हणायचे आणि पुढे जायचे.

एका शनिवारी दोघी मावसबहिणी आल्या. पुटी आणि रिपेका. रिपेकाच्या कडेवर तिची लेक होती, कोमाको. तीन-साडेतीन वर्षांची, एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा.

"बेव आंटी, सायकल पाहिजे," रिपेका म्हणाली. "पण एकच. आणि तिनं सगळं केलं पाहिजे."

"सगळं म्हणजे? स्वयंपाक?"

"तो मी करीन."

मग तिने सांगितले ते असे. जंगलातल्या पायवाटा खोदणारी, दुरुस्त करणारी एक टोळी आहे. टोळीचा म्होरक्या अंकल एरु. त्यांना एक माणूस हवे होते. सोमवारी कामावरच रिपेकाची परीक्षा होती. काम वर, डोंगराच्या धारेवर. तिथे ट्रक जात नाही, तेव्हा आपापल्या सायकलवर, आपापली अवजारे घेऊन चढायचे. आणि त्याआधी कोमाकोला कोहांगात, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, माओरींच्या बोलीतल्या बालवाडीत सोडायचे. रिपेकाकडे मोटार नव्हती. तळ्याकाठच्या हॉटेलातले चादरी धुण्याचे काम हिवाळ्यात सुटले होते, आणि ही नोकरी मिळाली नाही तर तिला ऑकलंडला, भावाच्या घरी, सोफ्यावर झोपायला जावे लागणार होते. कोमाकोला तिथे माओरीत बोलणारे कुणी नव्हते.

"मग ही लाल घे ना," पुटी म्हणाली. "पुढं स्प्रिंग, मागं स्प्रिंग. सोफाच आहे."

"सोफा डोंगर चढतो का?"

"तुझ्यासारखी बसली तर तसाही चढायचा नाही."

रिपेकाने कोमाकोला खाली ठेवले आणि लाल सायकल उचलून पाहिली. तिचे तोंड वाकडे झाले. "जड आहे गं! अन् मागं हा स्प्रिंगचा पसारा. पोरीची खुर्ची कुठं लावू? डोक्यावर?"

मग ती माझ्याकडे वळली. मी श्वास रोखून उभी राहिले. तिने हँडल दाबले नाही. तिने आधी माझी मान तपासली. हँडलच्या खाली, जिथे नळ्या जोडल्या आहेत तिथे रंगावरून बोट फिरवले, कुठे तडा आहे का म्हणून. मग चाके उचलून गरगरवली, ब्रेक दाबले. मग माझ्या मागच्या नळ्यांवरची बारीक भोके पाहिली आणि पुढे येऊन त्या बदनाम लोखंडी फोर्कवरचीही.

"पुटी, हिला मागं कॅरिअर बसतं. अन् पुढंही बसतं!"

"पण ही भांडते. एकेक दगड हाताला सांगेल हिचा फोर्क."

"सांगू दे. कुणीतरी सांगायलाच पाहिजे," रिपेका म्हणाली. "आंटी, हिचे किती?"

"लालचे शंभर डॉलर. हिचे चाळीस," बेव म्हणाली. "घेणार असशील तर टायर फुकट देते. अन् पोरीला सांभाळ, तिनं माझ्या बुटात पेपरमिंट टाकलंय."

उरलेल्या पैशांत ब्रेकचे नवे रबर आले, चेन आली आणि कोमाकोचे पिवळे हेल्मेट आले. खुर्ची पुटीच्या घरात पडून होती. रविवारी दुपारी अंगणात दोघी बहिणींनी मला उलटी टाकून सजवले. आयुष्यात प्रथमच माझ्या अंगावर इतके हात एकदम फिरत होते. तिसरी, कोमाको, हातोडी घेऊन आली होती, तिला वेळीच आवरले.

सोमवार उजाडला. मागच्या खुर्चीत कोमाको. कुदळीचा दांडा काढून तो माझ्या वरच्या नळीला बांधलेला, आणि लोखंडी पाते पुढच्या कॅरिअरवर, गोणपाटात गुंडाळून. अंकल एरुचा एक नियम होता, तो रिपेका वाटभर पुटपुटत होती. मातीला हात लावण्याआधी टोळी करकिया म्हणते, म्हणजे प्रार्थना. करकियानंतर जो येईल त्याने त्या दिवशी माती उकरायची नाही, घरी जायचे. याआधी दोघे असेच घरी गेले होते, ते परत आले नाहीत.

कोहांगाच्या फाटकाला कुलूप होते. फाटकावर हिरव्या पानांची डहाळी बांधलेली होती. समोरचा म्हातारा कुंपणावरून म्हणाला, "अगं, तुला ठाऊक नाही? नॅनी हेनी गेली काल संध्याकाळी. सगळे तिकडेच, तांगीला." तांगी म्हणजे गेलेल्या माणसाला निरोप द्यायला जमलेले सगळे गाव.

रिपेकाने एक पाय जमिनीला टेकला. निरोप फोनवर आला असणार. पण फोन शनिवारीच कोमाकोने भांड्यांच्या पाण्यात आंघोळ घालायला ठेवला होता. पुटी कामावर गेली होती. नॅनी हेनी कोहांगातली सर्वांत म्हातारी बाई, तिने रिपेकालाही लहानपणी मांडीवर घेतले होते. रिपेकाने डोळे पुसले. मग तिने डोंगराकडे पाहिले, मागे लेकीकडे पाहिले. तिचे हात माझ्या हँडलवर घट्ट झाले.

"ममा, घरी?" कोमाकोने विचारले.

"नाही गं राणी. वर."

मित्रांनो, त्या चढाचे मी काय सांगू! आधी लाकडे नेणाऱ्या ट्रकांचा खडीचा रस्ता. मागे लेकरू, पुढे लोखंड, मधे एक बाई, आणि खाली मी. माझा फोर्क दबला नाही, म्हणून तिच्या पायांचा जोर कुठे वाया गेला नाही. सगळा जोर चाकात उतरला. खडी हातांना टोचत होती, ती "आई गं" म्हणत होती, पण चाक सरळ होते. पुढे वाट अरुंद झाली, नेच्यांच्या पानांनी दोन्ही बाजूंनी आम्हाला पुसून काढले. जिथे मुळे आडवी आली तिथे रिपेका उतरली आणि लेकीसकट मला ढकलू लागली. एका वळणावर ती थांबली. कपाळ माझ्या हँडलला टेकवले. मला वाटले, आता परत फिरणार.

मागून आवाज आला, "ममा, तू दमलीस? मी उतरू?"

"नको. तू गाणं म्हण."

कोमाको गाऊ लागली, आणि तिच्या बेसूर चालीवर आम्ही उरलेला चढ चढलो.

धारेवर सहा-सात माणसे गोल करून उभी होती. अंकल एरुने नुकतीच टोपी काढून छातीशी धरली होती. जाडजूड, करड्या दाढीचा माणूस. त्याने आम्हाला पाहिले. मला पाहिले, मागची खुर्ची पाहिली, पिवळे हेल्मेट पाहिले. एक पोरगा हळूच म्हणाला, "बाप रे, मजूर दोन आणले हिनं." अंकलने डोळे वटारले. गोल थोडा सरकला आणि मायलेकींना जागा झाली.

करकिया सुरू झाली. अंकल एक ओळ म्हणे, बाकीचे मागून म्हणत. मध्येच त्याने नॅनी हेनीचे नाव घेतले आणि त्याचा आवाज अडकला. पुढची ओळ येईना. पोरांना ती एकट्याने येत नव्हती, ती सगळी अंकलच्या आधाराने म्हणणारी. पाइनच्या झाडांतून वारा गेला तेवढाच आवाज.

आणि रिपेकाच्या कमरेपाशी उभ्या असलेल्या कोमाकोने ती ओळ म्हटली. मोठ्याने, स्वच्छ, एकही शब्द न गाळता. मग पुढची. मग सगळे तिच्या मागून म्हणाले.

संपल्यावर अंकल एरु तिच्यापुढे खाली बसला. "कुणी शिकवलं गं तुला?"

"नॅनी हेनीनं. रोज खाऊच्या आधी म्हणायची. नाहीतर बिस्कीट नाही."

अंकल टोपी डोक्यावर चढवून उठला.

"अंकल, कोहांगा बंद होतं," रिपेका घाईघाईने म्हणू लागली. "मला माहीत नव्हतं, मी..."

"करकियाच्या आधी आलीस. नियम तेवढाच आहे," तो म्हणाला. "पोरांना कामावर आणायचं नाही, असा नियम करायची वेळ आजवर आली नव्हती."

"मग आता करणार?"

"करणार. उद्यापासून. आज तिला माझी टोपी घालून बसव त्या नेच्याजवळ, अन् तू तिथलीच वाटेवरची पानं ओढून काढ. कुदळ आज नको. दुपारी आपण सगळेच खाली नॅनीला भेटायला जाऊ." जाता जाता तो माझ्यापाशी थांबला. फोर्कवर एक थाप मारली. "अन् हिला मडगार्ड लाव. उद्या पाऊस आहे."

रिपेका हसली, आणि तिच्या हसण्यातच रडू होते. माझे सांगाल तर, मला सगळ्या आयुष्यात इतके मोठे बक्षीस मिळाले नव्हते. कुणीतरी माझ्यासाठी उद्याचा विचार केला होता.

आता मला मडगार्ड आहेत. सकाळी मी बालवाडीची गाडी असते, दिवसा डोंगराची मजूर, संध्याकाळी बटाट्यांची हमाल, आणि रविवारी कुणीच नसते, नुसती उताराची मजा. संध्याकाळी रिपेका कोमाकोच्या फाटक्या मोज्याने माझी चेन पुसते आणि दोन थेंब तेल घालते. एवढेच. आणखी काही मी मागत नाही.

तेव्हा मित्रांनो, दुकानात जाल तेव्हा सायकलच्या रंगाकडे बघण्याआधी आपल्या दिवसाकडे बघा. कुठे जायचे आहे, काय न्यायचे आहे, मागे कोण बसणार आहे? पैसे थोडे असले तरी वाईट वाटून घेऊ नका. थोड्या पैशांत चांगला सांगाडा मिळतो, नुसता चकचकाट मिळत नाही, आणि ते बरेच आहे. घरी आणल्यावर मात्र आमची आठवण ठेवा. आम्ही सायकली दोन गोष्टींनी मरतो, गंजाने आणि खुंटीने. गंजावर तेल आहे. खुंटीवर औषध एकच, तुमचे पाय.