पेटीवरचं फडकं

“एवढे सायलेंसर भराभर खोल आन निंघ इथून,” हवालदार सहदेव खालच्या आवाजात म्हणाला. “मॅडम नव्या हायेत. तुयं नाव मी घेतलं नाई. जवळचा मिस्त्री भेटला म्हून आनला, एवढंच सांगतलं.”

धर्मपालने मान हलवली. पान्यांची पेटी त्याने मैदानातल्या मातीत ठेवली आणि खांद्यावरचं तेलकट फडकं तिच्या पुढच्या बाजूवर लोंबेल असं टाकलं. त्या बाजूला पत्र्यात ठोकून उठवलेली एक सेफ्टी पिन होती. बोटाएवढी, उघडी, टोक वर असलेली.

समोर पकडलेल्या गाड्यांची रांग होती. पलीकडे कडुनिंबाखाली रोडरोलर उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर चाकाला टेकून चहा पीत होता. बाराच्या सुमारास मोठे साहेब येणार, पेपरवाले येणार. त्यांच्यासमोर अकोल्यातले सगळे आवाज करणारे सायलेंसर ओळीने मांडून त्यावर रोलर फिरवायचा. काढायला मिस्त्री पाहिजे म्हणून सकाळीच सहदेव दुकानावर आला होता.

पहिल्या गाडीचा सायलेंसर निघाला. धर्मपालने तो उलटा करून ठेवला, म्हणजे पट्टीखाली ठोकलेली तशीच पिन मातीकडे जाईल. दुसरा बाहेरच्या कोणाचा तरी होता, हलका माल. तिसरा पुन्हा त्याचाच. रांगेतले निम्म्याहून जास्त त्याच्याच हातचे होते. दुरून वेल्डिंगच्या डागाची रेघ पाहूनच त्याला कळत होतं.

“मिस्त्री.”

त्याने वर पाहिलं. सहायक निरीक्षक चारुशीला मॅडम उभ्या होत्या. पालथा ठेवलेला सायलेंसर त्यांनी उचलला होता आणि अंगठ्याने माती पुसत होत्या.

“ही खूण ओळखता?”

“असन कोन्या कारागिराची.”

“ते मलाही कळतं. हा कारागीर मला पाहिजे. पोरांना पकडून काय होतं? आज काढला तर आठवड्यात दुसरा बसवतात. बनवणाऱ्याच्या दुकानाला टाळं लागलं पाहिजे.”

“हो मॅडम,” सहदेव मध्येच म्हणाला. “शोध चालू हाय आपला.”

मॅडमनी सायलेंसर खाली ठेवला. पिन वर ठेवून. मग त्या सगळे सायलेंसर एकेक करून सुलटे करत गेल्या. धर्मपाल पाना फिरवत राहिला. घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायला फडकं घेता येत नव्हतं.

दुकान गेलं तर त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. ते दुकान म्हणजे वर्षाली होती. ती भातकुलीकडची, शाळेत चित्रकला शिकवायची. अमरावतीला कॉलेजात असताना दोघांनी मिळून एक पंक बँड काढला होता. नाव ‘काहून’, म्हणजे ‘का’. दोन-दोन मिनिटांची गाणी, तीन सूर, आणि जे विचारायचं ते ओरडून विचारायचं. गॅदरिंगला लोकांनी कानांत बोटं घातली, तर ती माइकवर म्हणाली होती, “कान झाकून राहिले म्हंजे आयकू आलं.” पंकवाल्यांच्या जाकिटांवर पिना असतात हे तिने पाहिलं तेव्हा ती खूप हसली होती. “आपल्या आज्या बांगडीले पिना अडकवून फिरत. थ्या सगळ्या पंकच व्हत्या मंग.” तेव्हापासून पिन हीच दोघांची खूण.

लग्नानंतर त्यांनी अकोल्यात दुकान टाकलं. कामाची रीत तिचीच होती. ती आधी प्लास्टिकच्या जुळवायच्या गाड्यांचा खोका मागवायची, त्यातली गाडी करवतीच्या पात्याने कापायची, टाकी लांबवायची, हँडल वाकवायची, रिकाम्या रिफिलचा सायलेंसर करायची, मग रंग द्यायची. ती टेबलावर उभी राहिली की धर्मपाल तशीच खरी गाडी करायचा. गिटारीही तशाच. जुन्या सागवानी दाराच्या फळीतून कापलेली एक, पिंपाच्या पत्र्याने मढवलेली एक. लोक अमरावती, कारंजा, कुठून कुठून येत.

आणि तिची बुलेट. तिच्या सायलेंसरला सगळ्यांत जास्त दिवस लागले होते. अंगणात ती गिटार घेऊन बसायची आणि जाड तार छेडायची. तो गाडीचा अ‍ॅक्सिलेटर धरायचा. आवाज जुळला नाही की पाइप काढून आतली जाळी घासायची, पुन्हा बसवायचा. शेजारच्या दुर्गाबाई भिंतीवरून ओरडत, “मायच्यान, मरू देत नाई हे लोक सुखानं.” एका संध्याकाळी तारेचा आणि गाडीचा सूर एकच झाला. वर्षालीने तारेवर हात ठेवला, मान हलवली आणि म्हणाली, “भेटला.” पुढे ती शाळेतून यायची तेव्हा गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तो चहा ठेवायचा.

मग तिच्या किडन्या गेल्या. तिच्या माहेरी विहिरींच्या खाऱ्या पाण्याने पुष्कळांच्या गेल्या होत्या. ती गेल्यावर तिची धाकटी बहीण मोनाली अमरावतीहून आली, तेव्हा त्यानेच गाडीची चावी तिच्या हातात दिली होती. “ने. मले थो आवाज आयकवत नाई.” मोनाली दवाखान्यात नर्स होती. ती फोनवर अधूनमधून विचारायची, “आनू का गाडी?” तो नको म्हणायचा. मागच्या आठवड्यात मात्र म्हणाला, “पुण्यानुमोदनाले आन. अंगनात एकडाव चालू करू.” वर्षालीला जाऊन वर्ष होत होतं, तो कार्यक्रम उद्या होता. मोनाली कालच यायची होती, पण रात्री फोनवर म्हणाली, मैत्रिणीकडे थांबते, उद्या येते.

रांगेतली शेवटची गाडी राहिली होती. धर्मपालने पेटी उचलली, फडकं सावरलं आणि तिकडे वळला.

ती तीच बुलेट होती.

त्याने फाटकाकडे पाहिलं. मोनाली पोलिसाशी काहीतरी बोलत होती. पाठीवर गिटारची पिशवी होती. तिने त्याला पाहिलं, तोंड उघडलं, आणि त्याने डोळ्यांनीच नाही म्हटलं. ती थांबली.

“तुमचीच ना गाडी? या आत,” मॅडम म्हणाल्या. “काल संध्याकाळी महामार्गावरून आत आलात तेव्हा अर्ध्या चौकाने मागे वळून पाहिलं.”

“मोठ्या बहिनीची हाय, मॅडम.”

“सायलेंसर कुठून बसवला?”

“तिनं सोता बनवला.”

“बोलवा तिला.”

“गेली थे. उद्या साल होते.” मोनालीने एकदाही धर्मपालकडे पाहिलं नाही. “उद्याच्या कार्यक्रमापुरता ऱ्हाऊ द्या. परवा मी सोता आनून देतो.”

मॅडमनी गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं.

“वाईट झालं. पण एकीला सोडलं तर ह्या बाकीच्यांना काय सांगू? कंपनीचा सायलेंसर लावा आणि गाडी घेऊन जा.” त्या धर्मपालकडे वळल्या. “मिस्त्री, काढा.”

धर्मपाल गुडघ्यावर बसला. नटाला पाना लावला. नट सैल होता. त्यानेच ग्रीस लावून बसवलेला, बोटानेही फिरला असता. त्याने पाना घट्ट धरला, जोर लावल्यासारखं केलं.

“जाम हाय,” तो म्हणाला. “गरम केल्याबिगर नाई निंघत. गाडी चालू करा लागते.”

सहदेवने त्याच्याकडे पाहिलं. सहदेवला गाड्यांतलं कळत होतं.

“दुसरी कुठलीच गाडी चालू करावी लागली नाही,” मॅडम म्हणाल्या.

“ही जुनी हाय.”

फाटकाबाहेर पेपरवाल्यांच्या गाड्या लागायला लागल्या होत्या. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि चावी पुढे केली. “लवकर.”

पहिल्या किकला ती लागली नाही. दुसऱ्याला लागली.

आवाज मैदानभर गेला. रोलरचा ड्रायव्हर कप घेऊन उठून उभा राहिला. धर्मपालचा हात अ‍ॅक्सिलेटरवर होता. किती पिळायचा हे वर्षभरात विसरलं असेल असं त्याला वाटलं होतं, पण मनगट आपोआप तिथे गेलं आणि थांबलं. आवाज एका जागी स्थिर झाला. छातीच्या हाडात लागायचा तसा लागला. तिची शाळेतून यायची वेळ झाली. दूध उतू जाईल.

मोनालीने पिशवीची चेन ओढली होती. गिटार अर्धवट बाहेर काढून तिने जाड तार छेडली आणि कान लाकडाला लावला. ती तार तिच्याशिवाय कोणाला ऐकू येणं शक्य नव्हतं. तिने मान हलवली.

“झाली गरम,” मॅडम म्हणाल्या. मग पुन्हा, मोठ्याने, “मिस्त्री, बस.”

त्याने चावी फिरवली. मैदान एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं.

नट निघाले. आता सायलेंसर धरून ओढायचा होता आणि तो चटका बसेल इतका तापला होता. फाटकातून साहेबांची गाडी आत येत होती.

“थंडा होऊ दे ना,” सहदेव घाईने म्हणाला. “मी आनतो एखादा बारदाना. थांब तू.”

धर्मपालने पेटीकडे पाहिलं. अंगातला शर्ट काढता आला असता. सहदेवसाठी थांबता आलं असतं. त्याने हात लांब केला, पेटीवरचं फडकं उचललं, त्याची नीट घडी केली आणि सायलेंसर धरला. तो एका ओढीत सुटला. पोटाशी धरून त्याने तो रांगेच्या शेवटी नेला आणि मातीत ठेवला. पिन वर ठेवून.

परत आला तेव्हा मॅडम पेटीसमोर उभ्या होत्या. सहदेव दुसरीकडे बघत होता.

“हे सकाळपासून झाकून ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“नट जाम नव्हता.”

“नाई.”

“मला सांगितलं असतंत तर?”

“तुमी चालू करू देल्ली नसती.”

मॅडमनी वही काढली. “बनवणाऱ्याचं नाव?”

“धर्मपाल. आन वर्षाली.”

पेन थांबलं. त्यांनी मोनालीकडे पाहिलं, मग गाडीकडे. “गेलेल्या माणसाचं नाव मी इथे लिहू शकत नाही.”

“मंग मायं एकट्याचं लिवा,” धर्मपाल म्हणाला. “पन पिन तिची हाय.”

त्यांनी लिहिलं. दुकान किती दिवस बंद राहील हे त्यांनाही सांगता आलं नाही. वरून ठरेल, म्हणाल्या. मग टोपी सरळ करून त्या साहेबांकडे गेल्या.

रोलर सुरू झाला. फोटो निघाले. पत्रा दबताना फारसा आवाज होत नाही, हे धर्मपालला आजच कळलं. मोनालीने तोंड फिरवलं. तो बघत राहिला. शेवटचा सायलेंसर बाकीच्यांपेक्षा जाड पत्र्याचा होता. रोलर त्याच्यावर आला तेव्हा थोडा उचलल्यासारखा झाला, आणि पुढे गेला.

दुपारी त्याने दुकानातून कंपनीचा सायलेंसर आणून गाडीला बसवला. मग दुकानाचं शटर ओढलं. त्याआधी फळीवरची वर्षालीची छोटी प्लास्टिकची बुलेट उचलून त्याने खिशात ठेवली. मोनाली मागे बसली. गाडी इतकी हळू बोलत होती की त्याला चेनची खडखड ऐकू येत होती. गल्लीच्या तोंडाशी वळताना कोणी मान वर केली नाही.

अंगणात गाडी लावून त्याने चहा ठेवला. मोनालीने गिटार भिंतीला टेकवली. थोड्या वेळाने दुर्गाबाई आपली दिलेली वाटी परत न्यायला दारात आल्या आणि बुलेट पाहून तिथेच थांबल्या.

“कवा आली हे?”

“झाला अर्धा घंटा,” धर्मपाल म्हणाला.

दुर्गाबाईंनी पदराने सीटवरची धूळ पुसली. मग नव्या सायलेंसरकडे वाकून पाहिलं.

“मी कालपासून कान देऊन बसली व्हती,” त्या म्हणाल्या. “मले आलाच नाई आवाज.”