तारेचे तीन वेढे

कप्तानाने जबाबात 'तीन' लिहिलं तेव्हा त्याचा हात जरासुद्धा थरथरला नाही, हे आधीच सांगून टाकतो. अशा वेळी लोक माणसाला सांभाळून घेतात. म्हणतात, बिचारा घाबरला असेल, रक्त बघून डोकं चालेनासं झालं असेल. काही झालं नव्हतं. बंदराच्या हापिसात पंखा चालू होता, टेबलावर चहा होता, फॉर्मवर सहावा प्रश्न होता : तार धरणाऱ्याने हाताला किती वेढे घेतले होते? कप्तानाने सुवाच्य अक्षरात लिहिलं, तीन. खाली सही ठोकली. चहासुद्धा संपवला.

ही वेढ्यांची भानगड नीट समजून घ्या. खोल समुद्रात हौसेने मासे धरायला जे पाहुणे येतात, ते बोटीच्या मागच्या भागात एका खुर्चीला पट्ट्याने बांधून घेऊन बसतात आणि रॉड वाकवत राहतात. तास-दोन तास घाम गाळतात, त्यात खोटं नाही. पण रॉडच्या दोरीच्या टोकाला गळाआधी काही हात जाड तार असते, आणि ती तार बोटीपाशी आली की खुर्चीतल्या पाहुण्याचं काम संपलं. मग कठड्याशी उभा असलेला गडी जाड हातमोजे चढवून ती तार धरतो, पंजाला वेढे देतो आणि स्वतःच्या दुप्पट वजनाचा, चवताळलेला, जिवंत मासा ओढून बोटीला लावतो. नंतर फोटोत पाहुणा हसतो. गड्याचा कोपर आला तर आला.

एका वेढ्याने तार सटकते. दोन वेढ्यांनी पकड बसते, आणि जिवावर बेतलं तर पंजा उघडून हात सोडवताही येतो. तिसरा वेढा पहिल्या दोघांच्या उरावर बसतो आणि हात अडकतो. गड्याची नजर माशावर असते, स्वतःच्या हाताकडे बघायला त्याला फुरसत नसते. म्हणून वरच्या मजल्यावर सुकाणूपाशी कप्तान मागे तोंड करून उभा राहतो आणि मोठ्याने मोजतो, "एक. दोन. बस." गड्याने ते ऐकायचं आणि थांबायचं. कप्तानाचा एक हात सतत गिअरवर. बोट हळूहळू पुढे जात राहिली पाहिजे, म्हणजे मासा मागे खेचला जातो आणि बोटीखाली घुसत नाही.

अकरा वर्षं कप्तान मोजत होता आणि त्याचा मेहुणा ऐकत होता. मेहुण्याला सगळं बंदर बगळा म्हणायचं. लांब तंगड्या, त्यातली एक दुमडून कठड्याला टेकवलेली, आणि मान पुढे काढून पाण्याकडे टक लावलेली. लग्नाबिग्नाच्या भानगडीत तो पडला नव्हता. बहिणीच्याच घरी मागच्या खोलीत राहायचा आणि भाऊजींच्याच बोटीवर काम करायचा. बहीण म्हणायची, मी सासरी आले ती आंदणात भाऊ घेऊन आले.

त्या दिवशीचा पाहुणा फरशांचा घाऊक व्यापारी होता. चार दिवसांच्या सुट्टीवर आलेला, बायकोसकट. बायकोला बोट लागली, ती खालच्या केबिनमध्ये बादली धरून आडवी झाली होती, आणि शेठ खुर्चीत बसून आपल्या दुकानात किती रंगांच्या फरशा मिळतात ते बगळ्याला सांगत होता. बगळ्याने मध्येच विचारलं, समुद्राच्या रंगाची आहे का? शेठ म्हणाला, सात प्रकारात आहे. तेवढ्यात गळाला मार्लिन मासा लागला. भाल्यासारखी चोच, पाठ निळीशार, पाण्याबाहेर उडी मारली तेव्हा शेठ फरशा विसरला.

पावणेदोन तासांनी तार वर आली. बगळ्याने धरली. कप्तानाने मोजलं, "एक. दोन. बस." नियमाप्रमाणे तारेला गड्याचा हात लागला की मासा धरला असं मानतात. पाठीवर खुणेची पट्टी टोचायची आणि तार कापून त्याला जाऊ द्यायचं, एवढंच राहिलं होतं. पण शेठला चोच पाण्याबाहेर असलेला फोटो हवा होता. बायको असती तर तिने काढला असता. तो खुर्चीतून ओरडला, "कप्तान, तुम्ही वरून काढा. वरून भारी येतो."

कप्तानाने फोन काढला. इंजिनाच्या थरथरीने चित्र हलत होतं. म्हणून त्याने गिअर न्यूट्रलला टाकला. बस, एवढंच. फोटो हलू नये म्हणून. दोन्ही हातांनी फोन धरला आणि लागोपाठ दोनदा बटण दाबलं.

बोट थांबली तसा मासा बोटीखाली घुसला. तार कठड्यावर करकचली, आणि बगळ्याचा पंजा तार आणि कठडा यांच्यामध्ये सापडला. "पुढे घ्या, भाऊजी" असं तो दोनदा ओरडला. दुसरी हाक कप्तानाला ऐकू आली. फोन ठेवून गिअर टाकेपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

जबाबात न्यूट्रल आलं असतं तर कप्तानाचा परवाना गेला असता. ते आलं नाही. तीन आलं. तिसरा वेढा म्हणजे गड्याचा निष्काळजीपणा, असं नियमात छापलेलं आहे. बंदराने बगळ्याचं नाव गड्यांच्या यादीतून काढून टाकलं. आणि सगळ्यात घाण गोष्ट पुढेच आहे. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर बगळ्याला कुणीतरी सांगितलं की तू तीन वेढे घेतलेस. त्याने कप्तानाकडे बघितलं. कप्तान सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिला. तेव्हा बगळा म्हणाला, "तुम्ही वरून बघत होतात. तुम्ही म्हणता तर तीन असतील, भाऊजी."

भांडला असता तर बरं झालं असतं. कप्तानाने भांडणाची पूर्ण तयारी ठेवली होती, आवाज चढवून काय काय बोलायचं तेही ठरवलं होतं. विश्वासाची तयारी त्याने केली नव्हती.

महिना गेला. बगळा रोज समोर बसून डाव्या हाताने जेवायचा, भाताची शितं पाटाखाली सांडायची, बहीण काही न बोलता टिपून घ्यायची. कप्तानाला घास गिळवेना. फोनमध्ये तो फोटो होता. शेठला त्याने दुसरा पाठवला, हा ठेवून घेतला. संडासात बसून तो मोठा करून बघायचा. शेठची बत्तिशी, माशाची चोच आणि डाव्या कोपऱ्यात बगळ्याचा पंजा. त्यावर वेढे दोन. एवढे स्वच्छ, की शाळेतलं पोरही मोजेल. पुसून टाकायला रोज त्याचा अंगठा जायचा आणि रोज परत यायचा. त्याला तो प्रामाणिकपणा समजायचा. डोंबलाचा प्रामाणिकपणा.

मग बंदरातला एक जुना कप्तान घरी येऊन गेला. त्याला नवे गडी शिकवायला माणूस हवा होता. त्या कामाला यादीत नाव लागत नाही, दोन बोटं कमी असली तरी चालतं, हात वापरायचे नसून डोळे वापरायचे आहेत, असं त्याने समजावलं. बगळ्याने नाही म्हटलं. बहिणीने कारण विचारलं तर म्हणाला, ज्याला स्वतःच्या हाताचं कळत नाही त्याने दुसऱ्याचे हात कसे घडवायचे? म्हातारा जाताना सांगून गेला की शनिवारपर्यंत वाट बघतो, मग दुसरा बघतो.

शनिवारी दुपारी कप्तान घरी आला तर मागच्या खोलीतून आवाज येत होता. एक. दोन. बस. बगळा डोळे मिटून बसला होता. खुर्चीच्या पायाला दोरी बांधलेली, आणि तो ती उरलेल्या बोटांच्या पंजाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. अंगठ्याच्या बुडाशी कातडी सोलवटून लाल झाली होती.

"भाऊजी, बसा जरा," तो म्हणाला. "सकाळपासून दोनशे वेळा केलं. मुद्दाम घाई करून बघितलं, कुणी ओरडतंय असं मनात आणून बघितलं. एकदाही तिसरा पडत नाही. मग त्या दिवशी कसा पडला?"

कप्तान बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "नव्हता पडला."

बगळा हसला. म्हणाला, ताईने शिकवून पाठवलं वाटतं, मला बरं वाटावं म्हणून. मी काय लहान आहे का. कप्तानाने पुन्हा सांगितलं, दोनच होते, मीच तीन लिहिलं. बगळ्याने मान हलवली आणि दोरी पुन्हा हातात घेतली. खऱ्याला सुद्धा तो कप्तानाचा चांगुलपणाच समजत होता. तेव्हा कप्तानाने फोन काढून त्याच्या पुढ्यात धरला.

बगळ्याने बराच वेळ बघितलं. बहीण दारात येऊन उभी राहिली होती, ओले हात तसेच लोंबत.

"बोट थांबलेली होती," बगळा म्हणाला. "पाण्याला फेस नाही यात."

"न्यूट्रलला टाकली होती."

"कशाला?"

"फोटो हलत होता."

बगळ्याने पंजावरची दोरी सोडली. त्याचे खांदे हळूहळू खाली आले, जसं कुणी महिनाभराचं ओझं काढून घेतलं. राग यायचा होता, पण त्याला वेळ होता. ओठांतल्या ओठांत त्याने म्हटलं, "दोनच होते." पुन्हा एकदा म्हटलं. मग उठला, भिंतीवरचा शर्ट डाव्या हाताने ओढून अंगात घातला आणि बहिणीला सांगितलं, म्हाताऱ्याकडे जाऊन येतो, तो संध्याकाळपर्यंत थांबेल.

कप्तान म्हणाला की तो आत्ताच्या आत्ता हापिसात जाऊन जबाब बदलणार आहे, परवाना गेला तर गेला.

"ते तुमचं तुम्ही बघा," बगळा म्हणाला. भाऊजी म्हणाला नाही. बटणं न लावताच तो बाहेर पडला.

बहिणीने पदराला हात पुसले. रडेल, ओरडेल, काहीतरी फेकून मारेल, अशी कप्तानाने अपेक्षा केली. तीही त्याची सोयच होती.

"हापिस पाचपर्यंत उघडं असतं," ती म्हणाली. "आधी आईला फोन लावा. ती महिनाभर त्याला रोज फोनवर झापतेय, तुझं लक्ष कुठे होतं म्हणून. तो ऐकून घेतो आणि चुकलं म्हणतो. तुम्ही सांगा तिला, कुणाचं लक्ष कुठे होतं."

"तू सांग ना. मला..."

"मी इथे उभी आहे."

त्याने नंबर लावला. दोनदा वाजला, तिसऱ्यांदा सासूबाईंनी उचलला. जावयाचा फोन आला की त्यांच्या आवाजाला नेहमी एक आनंदाचं भरतं यायचं, तसं आताही आलं. कसे आहात, तब्येत कशी आहे, मुलाने तुमच्या जिवाला किती घोर लावला, तुम्ही होतात म्हणून वाचला हो तो, असं त्या एका दमात बोलत सुटल्या. मध्ये बोलायला त्या जागाच देईनात. बायको समोर उभी होती. कप्तानाने त्यांना थांबायला सांगितलं.

"आई," तो म्हणाला, "मी फोटो काढत होतो."