मिठाच्या खाणीचा नकाशा

जमीन मोजणीच्या कार्यालयात तिच्या हाताखालून गेलेला नकाशा पुन्हा कोणी तपासत नसे. पंचवीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या, आणि खोटं कशाला बोला, त्या काढताना तिला जरा बरंही वाटायचं. त्यामुळे त्या रविवारी दुपारी तिच्या स्वतःच्याच नकाशाने तिला तोंडघशी पाडलं, तेव्हा तिने आधी जमिनीवर संशय घेतला.

जमीन होती संगणकातली. लहानपणी ती आणि तिचा दादा मिळून एक साहसाचा खेळ खेळायचे. त्याचा पाचवा आणि शेवटचा भाग तिने परवाच लॅपटॉपवर चढवून घेतला होता. या खेळात एक सोय फार गोड होती. एका भागातला आपला वीर पुढच्या भागात तसाच नेता यायचा, तलवारीसकट आणि अंगावरच्या खुणांसकट. यांच्या वीराचं नाव झिपऱ्या. चार भाग दोघांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. दादा कळफलकावर आणि ही शेजारी चौकटींची वही घेऊन नकाशे काढणार, अशी वाटणी. "पेन्सिले, इथे दार दाखव," दादा म्हणायचा, की ही दाखवायची.

तीच वही आता मांडीवर होती. वही म्हणत होती, बंदरापासून उत्तरेला सात चौकटी, तिथे मिठाची खाण. खेळात सातव्या चौकटीला भिंत. ती परत बंदरात आली, बोटाने मोजत पुन्हा गेली. भिंतच. खाणीतला आंधळा नावाडी तिला लख्ख आठवत होता, त्याचं दोरीने बांधलेलं वल्हंसुद्धा. इथे त्याचा मागमूस नाही.

"दुसरा कुठलातरी खेळ असेल तुझ्या डोक्यात," सोफ्यावरून नवरा म्हणाला.

"वही माझी आहे. अक्षर माझं आहे."

"मग खेळच चुकला," म्हणून तो पुन्हा वर्तमानपत्रात शिरला.

चिडून तिने इंटरनेट धुंडाळलं. हौशी लोकांनी या भागाची पावलापावलाची वाट लिहून ठेवली होती. तीत ना खाण, ना नावाडी. शेवटी म्हणे वीर सिंहासनावर बसतो आणि तुताऱ्या वाजतात. आता बोला! तिचा झिपऱ्या मुकुट वाळूत ठेवून नावाड्याच्या होडीत बसला होता. त्या शेवटाला ती ढसाढसा रडली होती. मग इतक्या लोकांनी पाहिलं ते खोटं, की हिने पाहिलं ते?

पाहिलं कधी पण? ती थबकली. हा पाचवा भाग घरी आला, त्याच सुट्टीत तिच्या डोळ्याला चेंडू लागला होता. ऑपरेशन झालं, आणि तीन आठवडे दोन्ही डोळ्यांवर पट्टी. दादा खेळायचा आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगायचा. पट्टी सुटल्यावर तिने हा नकाशा आठवून आठवून काढला. सगळ्या वहीत हा एकच असा. आपण हे डोळ्यांनी पाहिलंच नाही, हे ती साफ विसरून गेली होती.

म्हणजे लबाडाने सगळं मनाने रचलं! तिला हसू फुटलं. आणि मग एकदम आई आठवली.

कारण नऊ वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हाही तिथे फक्त दादाच होता. लग्नावरून हिचं आणि आईचं वाजलं होतं, दोन वर्षं बोलणं नव्हतं. आई दवाखान्यात आहे म्हणून दादाने दोनदा फोन केला. ही हट्टाने म्हणाली, तिने बोलावलं तर येईन. शेवटी निघाली, पण पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दादा म्हणाला, आईने निरोप ठेवलाय, धाकटीला सांग, माझा राग केव्हाच गेला. त्या एका वाक्यावर तिने नऊ वर्षं काढली होती.

तिने फोन लावला.

"दादा, मिठाची खाण कुठे आहे?"

पलीकडे खो खो हसणं. "सापडली चोरी? अगं, त्या भागाची तिसरी डिस्क पहिल्याच दिवशी बिघडली. तू पट्टी बांधून समोर बसलेली, रोज विचारणार, पुढे काय झालं. तुला काय सांगू, खेळ बंद? मग सकाळी अंघोळ करताना पुढचं जुळवायचो."

"आणि आईचं?"

"आईचं काय?"

"तेही जुळवलंस?"

तीन आठवडे न अडखळता रचून सांगणारा माणूस होता तो. तिला भीती वाटत होती, तो पुन्हा काहीतरी गोड सांगेल. आणि नाही सांगितलं तर काय, याचीही भीती वाटत होती.

"ती तसं काही बोलली नाही," दादा म्हणाला. "रागाबिगाचं नाहीच. एकच विचारायची, धाकटी आली का. दर पाच-दहा मिनिटांनी."

"मग?"

"मग मी म्हटलं, आली. बाहेर बाकावर बसलीय, आत सोडत नाहीयेत. तर म्हणाली, प्रवासातून आलीय, उपाशी असेल, तिला आधी काहीतरी खायला दे. मी बाहेर जाऊन आलो, म्हटलं, दिलं. मग झोपली ती. उठली नाही."

दादावर संतापावं, की त्याच्या पाया पडावं, तिला काही कळेना. आईने माफ केलं होतं की नव्हतं, तेही कळेना. आईच्या लेखी ती आलेली होती, एवढंच काय ते खरं होतं, आणि तेही खोटं होतं.

"काय खाल्लं मी?" तिने विचारलं.

"दोन केळी," दादा म्हणाला. "तिनेही विचारलं होतं."