चेन बंद राहिलेली पर्स

मला नसत्या चौकशांची खोड आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून कोपऱ्यावरचे घड्याळजी काका माझ्या शिवणाच्या दुकानात कागदाचा चिटोरा घेऊन आले, तेव्हा आधीच म्हणाले, "हे काय आहे विचारू नकोस. मलाच माहीत नाही."

चिटोऱ्यावर पेन्सिलीचे गिरगोटे होते. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डाव्या हाताने त्या रोज हेच काढतात, काकांपुढे धरतात, आणि काकांनी नुसती मान हलवली की पेन्सिल भिरकावून देतात.

"डॉक्टर म्हणतात, अर्थबिर्थ काही नाही, नुसता हात चालतो. पण रोज तेच कसं गं येईल?" काकांनी चिटोरा माझ्यापुढे सरकवला. "गळ्यात अडकवायला एक छोटी पर्स शिव. त्यावर मशीनने हेच भर. तिला कळू दे तरी, की तिचं लिहिलेलं मी फेकून देत नाही."

झालं! माझं डोकं भणभणायला लागलं. कागद आडवा धरला, उभा धरला, खालची बाजू वर केली. दूधवाल्याला दाखवला, तर म्हणे बेडूक आहे. सासूबाई म्हणाल्या, "पुरलेल्या सोन्याचा नकाशा असेल." मी जाम चिडले. थट्टा कशाची करावी याला काही धरबंध? मेली ती रेघ सुरू कुठून होते तेच कळेना, आणि मशीनवर बसायचं तर आधी तेच कळायला हवं.

शेवटी कार्बन घालून कापडावर छापलं. कापड ताठ राहावं म्हणून मागे कागद लावला, रिंगमध्ये ताणलं आणि रिंग हाताने सरकवत निळ्या धाग्याने रेघ न् रेघ भरली. बॉबिनमध्येही निळाच धागा घातला. खालचा पांढरा वर डोकावलेला मला सोसत नाही. एक वळण जरा सरळ करावंसं वाटलं, पण हात आवरला. काकूंचं वाकडं ते काकूंचं.

मग चेन लावली, कापड उलटं दुमडून कडा शिवल्या, वर दुहेरी टीप मारली. पर्स सुलटी करायला घेतली आणि कपाळावर हात मारला. चेन बंद! कडा शिवण्याआधी चेन अर्धी उघडी ठेवायची, नाहीतर पर्स उलटीच राहते, हे मी शिकायला येणाऱ्या मुलींना घसा फोडून सांगते. आता चेनचा खटका आत आणि मी बाहेर. दुहेरी टीप उसवायची म्हणजे डोळे फोडून घ्यायचे.

त्यात काका दारात. "झाली का गं?"

"होतेय. बसा ना जरा," मी म्हटलं. तोंड लपवायला पर्सच्या मागचा कागद फाडत बसले. पट्ट्या पट्ट्या निघाल्या. खालून निळा धागा दिसला आणि मी बघतच राहिले. अक्षरं! थरथरती, पण सरळ वाचता येणारी.

"काका! काकू उलटं लिहितात हो! आरशात दिसावं तसं. हे मागून बघा!"

काकांनी पर्स डोळ्यांजवळ नेली. ओठ हलले. "चष्मा," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "चष्मा."

मला हसूच आलं. इतक्या दिवसांचं कोडं सुटलं होतं, मग काय! "एवढंच? मग द्या की त्यांना चष्मा!"

काका हसले नाहीत. "तिला दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा तो मीच कपाटात ठेवला," ते म्हणाले. "फुटेल म्हणून. म्हटलं, आता हिला कुठं काय बघायचंय."

काकांनी उलटी पर्स मशीनवर ठेवली, उठले, आणि सत्तरीचा तो माणूस चपला न घालताच घराकडे पळत सुटला.