खंडेनवमीचा नारळ

देवासला टेकडीच्या पायथ्याशी नारायणरावांचं मोटर बांधायचं दुकान आहे. बांधायचं म्हणजे जळालेल्या मोटरीतली काळी तार उपसून नवी तांब्याची तार भरायची. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. २००८ सालच्या आश्विनात, अष्टमीच्या सकाळी, पडद्याच्या पुढच्या बाजूला मेधा एका मोटरीच्या खाचांत तार बसवत होती आणि मागच्या बाजूला उभ्या राहून तिच्या सासूबाई, अक्का, तिच्याकडे बघत होत्या. हे रोजचंच होतं.

मेधा ही थोरली सून. तिचा नवरा मनन तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. सासऱ्यांना, म्हणजे नारायणरावांना, सगळे भाऊ म्हणत. इंडस्ट्रियल एरियातल्या मोटरीच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी वाइंडिंग केलं, रिटायर झाल्यावर हे दुकान काढलं, आणि मनन गेल्याच्या पुढच्या वर्षी त्यांचे हात कापायला लागले. मग त्यांनी सुनेला शिकवलं. सून त्यांच्यापेक्षा सरस निघाली. पण ते बाहेर सांगायची सोय नव्हती, कारण सून विधवा होती आणि दुकान लक्ष्मीचं होतं. म्हणून गिऱ्हाईक पायरी चढलं की मेधा पडद्याआड जाई आणि भाऊ पक्कड हातात धरून तिच्या जागी बसत. दोन वर्षं हे नाटक बिनबोभाट चाललं होतं. आमच्याकडे अशा नाटकांना प्रयोगाची परवानगी लागत नाही.

संशय मात्र घरात मुबलक. अक्कांना वाटे, ही रोज लक्ष्मीच्या जागी बसते, एक दिवस घराचं वाटोळं करणार. धाकट्या मुलाला, प्रणवला, वाटे, भाऊ दुकान वहिनीच्याच हाती देणार. भाऊंना वाटे, आपल्या हातांचं गुपित गावाला कळलंच असेल. आणि मेधाला वाटे, ही तिघं आपण खोलीत नसताना आपल्याबद्दलच बोलतात. तिचा अंदाज बहुतेक खरा असायचा.

त्या वर्षी दुकानात एक नवंच काम आलं होतं. विश्वासराव म्हणून एक गृहस्थ, संस्थानाच्या काळात वाडवडील दप्तरदार, आता लोणची-मसाल्याचा कारखाना. गल्लीबोळांतल्या दुकानांत माल पोचवायला त्यांना बॅटरीची मालवाहू सायकल हवी होती. प्रणवनं फ्रेम लांब करून पुढे मोठी पेटी जोडली. मागच्या चाकाच्या मधोमध बसणारी मोटर इंदूरहून आणली, ती दोन पोत्यांचं ओझं घेऊन चढावर गेली आणि जळाली. मग मेधानं ती उघडली, जाड तार हातानं घट्ट भरली, वार्निश पाजलं. दुसऱ्या खेपेला सायकल तेच ओझं घेऊन चढ चढली आणि मोटर नुसती कोमट झाली. विश्वासरावांना तरी भरवसा नव्हताच. बॅटरीची गाडी म्हणजे लेकरांचं खेळणं, असं ते म्हणत. दसऱ्याच्या सकाळी समोर चालवून दाखवा, जमलं तर आणखी पाच घेतो, असं ठरलं.

अष्टमीला संध्याकाळी मेधानं दिराला एक गोष्ट बजावून सांगितली. मोटरीची वायर वरून खाली येऊन आसाच्या पोकळीतून आत शिरते, त्या भोकाला गोंद लावायचा राहिलाय, तेवढा लाव. प्रणव हो म्हणाला आणि विसरला. नवमीला पहाटे तिला आठवण झाली, तशी ती आंघोळीआधीच गोंदाची नळी घेऊन दुकानात गेली. चाकाशी वाकली, तेवढ्यात मागून अक्का ओरडल्या की आज खंडेनवमी, आज हत्यारांची पूजा, आणि तू पारोशी त्यांना शिवतेस? मेधा उठून आत आली. नळी तिच्या हातात तशीच बंद होती.

पूजा थाटात झाली. पकडी, हातोडे, तार गुंडाळायचं यंत्र, सगळं धुवून पाटावर मांडलं, झेंडूच्या माळा घातल्या. मेधाला पूजेला बसायची मनाई होती, नैवेद्याचा स्वयंपाक मात्र तिच्याचकडे. तिच्या हातचं पुरण देवाला चालतं, तिच्या हातची मोटर चालत नाही, आता देवानं तरी काय करावं! बाहेर प्रणवनं सायकलच्या चाकाशी नारळ फोडला. अक्कांनी भक्तिभावानं हळदकुंकू वाहिलं आणि दोन्ही भकलांतलं पाणी वरून चाकावर सोडलं. त्या दिवशी हत्यार हाती घ्यायचं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत सायकलला कोणी हात लावला नाही.

दसऱ्याला दहा वाजता विश्वासराव आले. पेटीत दोन पोती ठेवली. प्रणवनं मूठ पिळली आणि सायकल गुरगुरली. एक हिसका पुढे, एक हिसका मागे, पुन्हा गुरगुर, आणि ठप्प. प्रणवनं चारदा करून पाहिलं. विश्वासरावांनी भाऊंकडे पाहून विचारलं, "नारायणराव, हे काय? सच बताओ, हात किसका लगा है इसको?"

अक्का उत्तराला तयारच होत्या. त्यांनी पडद्याआडून मेधाला दंड धरून बाहेर आणलं. "हिचा. नवमीला पहाटे, आंघोळीआधी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

प्रणव त्याच्याही पुढे गेला. "वहिनी, पूजेला बसवलं नाही म्हणून केलंत ना हे?"

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आपल्याकडे वेळ लागत नाही. भाऊ जमिनीकडे बघत म्हणाले की मेधाच्या माहेरी, कुक्षीला, तिच्या भावाला रघुजीला फोन करतो, संध्याकाळपर्यंत येऊन तो तिला घेऊन जाईल. कुक्षीच्या घरी मेधाचं काय होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भावजयीची धुणीभांडी, आणि माजघरात एक कोपरा. तार, वार्निश, खाचा, सगळं संपलं. मेधाला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

"जाईन," ती म्हणाली. "पण चाक उघडल्याशिवाय जाणार नाही."

कोणी हो म्हणायच्या आत ती खाली बसली आणि बोल्ट सोडवायला लागली. खरं सांगायचं तर तिच्याही मनात संशयच होता. दिरानंच आतली एखादी वायर तोडली असणार, अशी तिची खात्री होती. आतली चुंबकं इतकी जबर की झाकण एकटीला निघेना, म्हणून तिनं त्याच दिराला एक बाजू धरायला लावली. दोघांनी ओढलं. झाकण सुटलं, आणि खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर लाल पाणी सांडलं.

वायर एकही तुटलेली नव्हती. मेधा मनातल्या मनात ओशाळली. मग तिनं त्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि प्रणवला म्हणाली, "चाखून बघा."

प्रणवनं चाखलं. गोडसर, खारट, वर कुंकवाची चव. "नारळाचं पाणी," तो म्हणाला.

मेधानं समजावून सांगितलं. आत तीन बारीक सेन्सर असतात, चुंबक कुठवर फिरलंय ते मोटरीला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरला कळवतात. त्यातला एक जरी खोटं बोलला तरी मोटर पुढे जाऊ की मागे, अशी अडते. कालचं पाणी वायरवरून ओघळत भोकातून आत गेलं, रात्रभर मुरलं, आणि एक सेन्सर खोटं बोलायला लागला. नवा बसवायचा, सगळं उन्हात वाळवायचं, संध्याकाळी गाडी चालेल.

अक्का म्हणाल्या की देवाच्या पाण्यानं कुठे काही बिघडतं का. विश्वासरावांना मात्र दुसराच संशय आला. मोटर तर तुम्ही बांधलीत, मग आतलं एवढं हिला कसं ठाऊक, असं त्यांनी भाऊंना विचारलं.

मेधानं भाऊंकडे पाहिलं. इतकी वर्षं तिनं त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. "भाऊ, सांगा त्यांना."

भाऊंनी धोतराच्या सोग्यात लपवलेले दोन्ही हात पुढे केले. ते लटलट कापत होते.

"हे बघा, विश्वासराव. यांच्यात चहाचा कप राहत नाही. ही मोटर हिनं बांधलीय. तुमच्या कारखान्यातला पंप हिनं बांधला, हळद-मिरचीची गिरणीही हिनंच. दोन वर्षं तुमचा मसाला हिच्या हातावर दळला जातोय. कधी अपशकुन झाला?"

विश्वासरावांच्या घरी देव्हाऱ्यात रोज त्याच गिरणीची हळद वाहिली जात होती, ते बहुधा त्यांना आठवलं असावं. विचार करून कळवतो म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

कुक्षीला फोन भाऊंनी केला नाही. मेधानं केला. तिनं भावाला सांगितलं की दसऱ्याचं सोनं द्यायला ये, वहिनीला घेऊन ये, पण मला न्यायला येऊ नकोस, मी जाणार नाही. ती हे दुकानात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. अक्का आत निघून गेल्या आणि दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. भाऊंनी स्टुलावर चढून पडदा काढायला घेतला, कापऱ्या हातांना कड्या निघेनात, तेव्हा प्रणवनं काढून दिल्या.

सगळं गोड झालं असं समजू नका. सायकल त्याच संध्याकाळी चालली. विश्वासरावांनी ती नेली, पण पंधरा दिवसांनी, कोणाला तरी मुहूर्त विचारून. पाचांचा शब्द दोनांवर आला. काही गिऱ्हाइकं तुटली, काही नवी आली, त्यांना मोटर चालण्याशी मतलब होता.

पुढच्या खंडेनवमीला पूजेला मेधा बसली. अक्का दारात उभ्या होत्या, कपाळाला आठ्या, डोळ्यांत तोच जुना संशय. मेधानं नारळ उचलला, तशा त्या लगबगीनं आत गेल्या आणि एक पातेलं आणून त्यांनी तिच्यापुढे सरकवलं.

"पाणी त्यात धर," त्या म्हणाल्या. "मोटरीवर नको."

काढलेल्या पडद्याची मेधानं फडकी केली, मोटरी पुसायला. तुमच्या घरात असा पडदा आहे का, आणि त्याच्यामागे कोणाला बसवलंय, ते एकदा उठून बघा.